समोरून, उजवीकडून, डावीकडून

वाचनालयाच्या सभागृहात बुधवारी दुपारी चार वाजता सरोजिनी एका लाकडी खुर्चीत ताठ बसली होती आणि समोरचा कॅमेरा तिच्याकडे बघत होता. कॅमेऱ्यामागे माणूस नव्हता. पाण्याच्या तांब्याएवढं ते काळं यंत्र एका उंच दांडीवर बसवलेलं होतं आणि आपलं आपणच मान वळवत होतं. अशी तीन यंत्रं होती. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात कॅमेरामन मधल्या वाटेत उभा राहिला, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी कार्यवाहांना लेखी विचारलं होतं, की आपण तिकीट कार्यक्रमाचं काढलं आहे की कॅमेरामनच्या पाठीचं. त्यानंतर वाचनालयाने ठरवून टाकलं, की यंत्र चालेल, पाठ नको.

यंत्रं लावणारी नम्रता तिशीतली, मूळची चंद्रपूरची. लोणी काळभोरच्या कॉलेजात शिकायला म्हणून आली आणि मग पुण्यातच राहिली. लॅपटॉप मांडीवर घेऊन ती रंगमंचाच्या कडेला बसली होती.

"हे सॉफ्टवेअर आधी चेहरे शिकते, काकू," तिने समजावलं होतं. "कोणता चेहरा कोणत्या कॅमेऱ्याचा, ते मी लिहून देते. एक नंबर प्रेमलाकाकूंचा, दोन नंबर तुमचा, तीन नंबर दोघींचा मिळून. तुम्ही हलल्या की तो हलणार. मी मागे बसून फक्त कोणतं चित्र लोकांना दाखवायचं ते बटण दाबते."

सांगायला सोपं होतं. पहिल्या चाचणीत दोन नंबरचा कॅमेरा सरोजिनीला ओलांडून सरळ भिंतीवर गेला आणि संस्थापकांच्या तैलचित्रावर जाऊन थांबला. पगडी, मिशा, उपरणं, सगळं पडद्यावर भरून आलं. नम्रताने विचारलं, चित्र चार दिवस उतरवता येईल का. कार्यवाह म्हणाले, "संस्थापक एकोणीसशे एकतीसपासून तिथेच आहेत. तुमच्या यंत्राला सांगा." मग नम्रताने संस्थापकांचा चेहरा वगळायच्या यादीत टाकला. अशी एक यादी असते. त्यात जो चेहरा जातो त्याच्याकडे कॅमेरा ढुंकूनही बघत नाही. झाडूवाले, चहावाले, पडदा ओढणारे, कोणाचीही सोय तिथे करता येते.

प्रेमलाचा चेहरा यंत्राने एका झटक्यात उचलला. प्रेमला म्हणजे सरोजिनीची अभिवाचनातली जोडीदारीण. दोघींनी मिळून एकोणीस वर्षं गावोगाव वाचनं केली होती. प्रेमलाचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, आणि नवरा जाऊन दहा वर्षं झाली तरी त्याच्या तक्रारी अजून चालूच.

"आता डावी बाजू दाखवा, काकू," नम्रता सरोजिनीला म्हणाली.

सरोजिनीने आधी पदर सारखा केला. समोरून ठीक होतं, उजवीकडून तर फारच ठीक होतं. डावी बाजू गेली दोन वर्षं तिने आरशालासुद्धा नीट दाखवली नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळालं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा जागा आणि अर्धा झोपलेला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजली आहे, बहुतेकांचं पूर्ण बरं होतं. सरोजिनीचं बारा आणे बरं झालं. उरलेले चार आणे असे, की हसताना उजवा कोपरा वर जायचा आणि डावा जागचा हलायचा नाही, डावी पापणी उशिरा आणि अर्धवट मिटायची, आणि प, फ, ब, भ म्हणताना थोडा वारा निसटायचा. जिने एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला आणि वाचनं करून नाव मिळवलं, तिचं नेमकं तोंडच का निवडलं गेलं, हे विचारायला अर्ज कुठे करायचा असतो ते काही तिला सापडलं नव्हतं. पुण्यात तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या बाईकडे कोणी वळून बघत नाही, एवढीच त्या काळात तिची सोय होती. कार्यक्रम थांबले. प्रेमलाला दोन-तीन जणींनी विचारलं, तिने सगळ्यांना नाही म्हणून सांगितलं आणि ती थांबून राहिली.

शनिवारी दोघी पुन्हा एकत्र वाचणार होत्या, आणि ते सगळं जगभर थेट दिसणार होतं. सरोजिनीच्या लेखी तो नुसता कार्यक्रम नव्हता. मी आता अशी दिसते, हे तिला एकदाच, सगळ्यांना, एकदम दाखवून टाकायचं होतं. टोरांटोला मुलगा सौमित्र आणि सून, नाशिकला बहीण, शाळेतल्या जुन्या मुली. एकदा डोळेभरून बघून झालं की लोकांचं कुतूहल संपतं आणि मग माणसाला सुखाने भाजी आणायला जाता येतं, असं तिचं गणित होतं. त्यासाठी तिने दोन महिने रोज सकाळी गाल फुगवून, नळीने फुंकर मारून, प आणि फ घोटले होते.

तिने मान वळवली. पडद्यावर तिच्या चेहऱ्याभोवतीचा लाल चौकोन जरा थरथरला आणि हिरवा झाला.

"घेतला," नम्रता म्हणाली. "आता हसा. मोठ्याने हसा, दात दाखवून."

सरोजिनी हसली. चेहरा वाकडा झाला, चौकोन हिरवाच राहिला.

"याला फरक पडत नाही?" तिने विचारलं.

"कशाचा?" नम्रताने खरोखरच न कळून विचारलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. "नाही ना काकू. ते डोळे, नाक, हनुवटी यांच्यातलं अंतर मोजून राहते. सुंदरबिंदर त्याला काही समजत नाही. तुम्ही म्हणजे तुम्ही."

"बघ," प्रेमला म्हणाली. "आमच्या ह्यांना मी केस कापून आले तरी आठवडाभर पत्ता लागायचा नाही."

सरोजिनी पुन्हा हसली, आणि या वेळी तिने तोंडापुढे हात धरला नाही. दोन वर्षांत कोणी इतक्या साधेपणाने तिला ओळखलं नव्हतं. घरी जाताना रिक्षात तिने स्कार्फ पर्समध्येच ठेवला.

श्रीनिवास, तिचा नवरा, हा चांगला माणूस होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याच्याबद्दल बरंच वाईट सांगायचं आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, नेटका, मोजक्या शब्दांचा. सरोजिनीच्या आजारपणात त्याने जे केलं ते सख्ख्या आईने केलं नसतं. रोज रात्री तिच्या डाव्या डोळ्यात मलम घालून पापणीवर पट्टी लावायची, सकाळी घड्याळ लावून अकरा मिनिटं गालाला मालिश करायचं, आज भुवई किती हलली ते वहीत लिहायचं. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या आठवड्यातसुद्धा तो पलंगावर बसून मालिश करत होता. त्या गुडघ्यामुळेच शनिवारी त्याला सभागृहात येता येणार नव्हतं. पण कार्यक्रमाचं पोस्टर, वेळ, लिंक पाठवणं, हे सगळं बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये बसून तोच बघत होता, आणि त्यासाठी नम्रताशी दिवसातून दोनदा बोलत होता.

"माझा चेहरा दोन्हीकडून घेतला त्याने," सरोजिनीने चपला काढता काढता सांगितलं.

"कोणी?"

"यंत्राने. दोन नंबरचा कॅमेरा फक्त माझा आहे. मी बोलत असेन तेव्हा माझ्यावरच राहणार."

श्रीनिवासने चष्मा काढून पुसला. "म्हणजे क्लोजअप."

"क्लोजअपच."

"दोन तास."

"अहो, अर्धा वेळ प्रेमला बोलणार ना."

"लिंक मी एकशे चाळीस जणांना पाठवली आहे," तो म्हणाला.

"बरं केलंत," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. इतकी आनंदात होती, की त्याचा पुसून झालेला चष्मा तो परत पुसत बसला होता, हे तिने पाहिलं आणि सोडून दिलं.

शुक्रवारी तालीम झाली. दोघींनी मिळून लिहिलेली संहिता होती: दोन शिक्षिका, एक पुण्याची आणि एक रत्नागिरीची, चाळीस वर्षं एकमेकींना पत्रं लिहितात, अशी. सरोजिनी पुण्याची होती, म्हणजे खवचट पत्रं सगळी तिच्या वाट्याला आली होती. ती वाचायला लागली, की दोन नंबरचा कॅमेरा हलकेच मान वळवून तिच्यावर यायचा. ती पुढे झुकली की तोही खाली बघायचा, ती मागे टेकली की तोही सावरायचा. एखादा हुशार विद्यार्थी पहिल्या बाकावरून बाईंवरची नजर हलवत नाही, तसं ते यंत्र तिला वाटलं. कडेच्या पडद्यावर तिचा चेहरा दिसत होता, डावा कोपरा खाली, डावा डोळा अर्धा उघडा, आणि त्या चेहऱ्यातून विनोद बरोबर बाहेर पडत होता. नम्रता खुदुखुदू हसत होती. सरोजिनीने पहिल्यांदा स्वतःकडे बघून नजर फिरवली नाही.

शनिवारी सभागृह भरलं. पडदा सरकला, पहिलं पत्र सुरू झालं आणि जुनी सवय धावून आली. प आणि फ नीट बसले. दुसऱ्या पत्राला हशा पिकला. तिसऱ्या पत्राला टाळी आली. मात्र वाचता वाचता तिची नजर एकदा वर गेली आणि तिला दिसलं, की दोन नंबरचा कॅमेरा जागचा हलत नाही. चित्र बाहेर चाललं असलं की कॅमेऱ्यावर लाल दिवा लागतो, असं नम्रताने सांगितलं होतं. तिच्या पत्रांना दिवा लागत होता तो बहुतेक एक नंबरवर किंवा तीन नंबरवर. दोनचा दिवा मधूनच लागला तरी तो कॅमेरा मान थोडी खाली घालून टेबलाकडेच बघत बसला होता. सरोजिनीला वाटलं, आपल्याला उगाच भास होतोय, आणि नसला होत तरी वाचनाच्या मध्ये कॅमेऱ्याची चौकशी करता येत नाही. तिने पान उलटलं.

कार्यक्रम संपल्यावर लोक भेटायला आले, बोलले, गेले. कोणी चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं नाही, कोणी फार वेळ नजर चुकवली नाही. म्हणजे तिचं गणित निम्मं तरी बरोबर आलं होतं. नम्रता वायरी गुंडाळत होती. तिने लांबूनच हात केला आणि मान खाली घातली. प्रेमलाने सरोजिनीला घट्ट मिठी मारली, नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि मुलगा गाडी घेऊन आलाय म्हणत घाईने निघून गेली.

मग नाशिकहून बहिणीचा निरोप आला. "ताई, आवाज काय लागलाय तुझा. पण तू दिसलीच नाहीस गं. अंधारात बसली होतीस का?"

एका जुन्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं, "बाई, तुम्हाला बघायला बसले होते, प्रेमलाताईच दिसत राहिल्या."

रविवारी सकाळी चहा होताच सरोजिनी रेकॉर्डिंग लावून बसली. दोन तास दहा मिनिटं तिने एकही मिनिट न गाळता पाहिली. प्रेमला वाचताना प्रेमला दिसत होती. सरोजिनी वाचताना प्रेमला ऐकताना दिसत होती. नाहीतर दोघी लांबून, मुगाच्या दाण्याएवढ्या. नाहीतर टेबल, त्यावरची मार्केट यार्डातून आणलेली शेवंती, आणि कागद धरलेले सरोजिनीचे हात. खवचट पत्रं हात वाचत होते. संपूर्ण कार्यक्रमात तिचा चेहरा एकदाही जवळून आला नव्हता. चुकूनसुद्धा नाही.

"तांत्रिक बिघाड असेल," श्रीनिवास पेपरातून मान वर न करता म्हणाला. "यंत्रच ते."

"बिघाड असता तर एकदा तरी चुकून दिसले असते."

"तेही खरं." त्याने पान उलटलं. "मी काही म्हणत नाही. पण प्रेमलाला कॅमेरा पहिल्यापासून आवडतो."

त्याने एवढंच म्हटलं. काडी टाकून झाली होती. सरोजिनीने साडी बदलली, आणि अर्ध्या तासात ती रिक्षात होती.

वाघोलीला प्रेमला मुलाकडे अकराव्या मजल्यावर राहायची. बिबवेवाडीहून तिथे पोचायला रविवारीसुद्धा तासभर लागला, आणि त्या तासात सरोजिनीने एकोणीस वर्षांतली प्रत्येक गोष्ट उकरून काढली. कोल्हापूरला प्रेमलाने माइक स्वतःकडे ओढला होता. साताऱ्याला हार आधी तिने घेतला होता. माणसाला एकदा संशय घ्यायचा झाला की पुरावे कमी पडत नाहीत.

प्रेमलाने दार उघडलं. "अगं, तू? ये."

"येते. तू पडद्यावर मावत नव्हतीस, घरात तरी जागा आहे का बघायला आले."

"म्हणजे?"

"एकोणीस वर्षं अर्धं अर्धं वाटून घेतलं आपण, प्रेमला. काल सगळंच घेतलंस. माझ्या वाक्याला तुझा चेहरा. वाकडं तोंड नको होतं शेजारी, तर दोन वर्षं थांबलीस कशाला? दुसरी घ्यायचीस. सरळ तोंडाच्या बायका पुण्यात पुष्कळ आहेत."

प्रेमला दारातच उभी राहिली.

"मला नम्रताने सांगितलं," ती म्हणाली, "की तुलाच क्लोजअप नको आहेत. ऐन वेळी तुझा धीर सुटला असं वाटलं मला. तिने बजावलं होतं, काकूंजवळ विषय काढू नका, त्यांना वाईट वाटेल. म्हणून मी गप्प बसले. आणि तू मला हे सगळं बोललीस."

"मी असं कोणालाच म्हटलेलं नाही."

"मग तिला विचारू या," प्रेमला म्हणाली आणि तिने फोन लावून मधल्या टेबलावर ठेवला.

नम्रताचा आवाज आधी आनंदी होता, मग सावध झाला. "काकू, मी तर तुम्हाला विचारणारच होते ना. पण काका म्हणाले, विचारू नको."

"कोण काका?" प्रेमलाने विचारलं. सरोजिनीने नाही विचारलं.

"श्रीनिवासकाका. शनिवारी दुपारी निरोप आला त्यांचा. मला वाटलं तुमचंच म्हणणं आहे. आमच्या घरी पण आई काही बोलत नाही, बाबाच सांगतात तिला काय पाहिजे ते. म्हणून मी तुमचा चेहरा यादीत टाकला. सॉरी काकू. लई वाईट वाटून राहिलं मला."

तिने दोन गोष्टी पाठवल्या. एक लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो होता. वगळायची यादी. त्यात दोन चेहरे: पहिला पगडीतले संस्थापक, आणि त्यांच्या खाली सरोजिनी, बुधवारी हसली होती तशी, दात दाखवून.

दुसरी गोष्ट म्हणजे श्रीनिवासचा आवाज.

"नम्रता, मी श्रीनिवासकाका. एक नाजूक गोष्ट आहे. सरोजिनीला क्लोजअप नको आहेत. स्वतः सांगायला तिला संकोच वाटतो, म्हणून मी सांगतोय. तिचा कॅमेरा तिच्यावर नेऊ नका, लांबूनच राहू द्या. तिच्याजवळ मात्र हे काढू नका. प्रेमलाताईंच्या कानावर हवं तर घाला. बाकी सगळं उत्तम चाललं आहे."

निरोपावर वेळ होती, शनिवार, बारा वाजून दहा मिनिटं. त्या वेळी सरोजिनी आतल्या खोलीत नेसायच्या साडीला इस्त्री करत होती. बाहेर येऊन तिने पानं वाढली होती आणि जेवताना श्रीनिवास तिला म्हणाला होता, "घाबरू नकोस, छान होणार आहे सगळं."

सगळ्यांनी मिळून तिची इतकी काळजी घेतली होती, की तिला विचारायचंच राहून गेलं होतं. नम्रताचं तिला समजलं, प्रेमलाचंही समजलं. पण जो माणूस रोज सकाळी तिचा गाल हातात धरतो, त्याने पाठीमागून हे करावं, तिच्या तोंडी तिचं नसलेलं म्हणणं घालावं, आणि सकाळी पेपराआडून मैत्रिणीचं नाव पुढे सरकवावं, हे तिला समजत नव्हतं. एकेक आठवायला लागलं. भाच्याच्या लग्नात फोटो काढताना त्याने खांद्याला धरून तिला फिरवलं होतं, इकडून उजेड चांगला आहे म्हणत. सौमित्रचा व्हिडिओ कॉल आला की फोन तो स्वतःच धरायचा आणि असा धरायचा, की ती निम्मीच दिसेल. तिला वाटायचं, त्याला फोन धरता येत नाही. टेलिफोन खात्यातल्या माणसाला.

"प्रेमला," ती म्हणाली, "मी तुला जे बोलले..."

"ते नंतर बघू," प्रेमला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिने ते लपवलं नाही. "आधी घरी जा. मी येऊ का?"

"नको."

निघण्यापूर्वी तिने नम्रताला पुन्हा फोन केला आणि विचारलं, माझा जवळून चेहरा कुठेच उरला नाही का? नम्रता म्हणाली, शुक्रवारी कॅमेरा नीट फिरतो की नाही ते तपासायला दोन नंबरचं वेगळं रेकॉर्डिंग केलं होतं, चाळीस मिनिटांचं. "सगळं तुमचंच आहे काकू. पाठवू?"

"पाठव," सरोजिनी म्हणाली.

ती घरी आली तेव्हा दीड वाजला होता. श्रीनिवासने कुकर लावून ठेवला होता. पाय स्टुलावर घेऊन तो बसला होता.

"काय म्हणाली प्रेमला?"

"तुमचा निरोप ऐकवला."

त्याने पेपराची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली. "मी तुझ्यासाठीच केलं," तो म्हणाला.

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारतात, अहो."

"एकशे चाळीस माणसं, सरू. सौमित्रच्या सासरचे, माझ्या ऑफिसातले. सगळ्यांनी मग फोन करायचे, हळहळायचं. ते तू ऐकून घ्यायचंस?"

"मी घेणार होते ऐकून. दोन महिने त्याचीच तयारी करत होते, तुमच्यासमोर बसून. आणि प्रेमलाला कशाला मध्ये ओढलंत?"

"मी तिचं नाव घेतलं नाही. कॅमेरा आवडतो, एवढंच म्हटलं."

"मी तिच्या दारात उभी राहून तिला नाही नाही ते बोलून आले."

त्याने स्टुलावरचा पाय जरा सरकवला. कुकरची शिट्टी झाली, कोणीच उठलं नाही. सरोजिनीने फोनवरचं चित्र टीव्हीला जोडलं. हे तिला त्यानेच शिकवलं होतं. पडद्यावर तिचा चेहरा आला, शुक्रवारचा, भिंतीएवढा. ती वाचत होती, थांबत होती, भुवई उडवत होती, उजवी पूर्ण आणि डावी जमेल तेवढी. यंत्र तिला जराही सोडत नव्हतं.

"बघा," ती म्हणाली.

श्रीनिवास स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होता. "बंद कर."

"बघा ना. रोज रात्री याच डोळ्यात औषध घालता तुम्ही."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

त्याने मान वर केली, दोन-तीन सेकंद पडद्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "ही तू नाहीस," तो म्हणाला. रागाने नाही, एखाद्या अर्जातली चूक दाखवावी तसं म्हणाला. "तू बरी होशील. काहींना तीन तीन वर्षं लागतात, डॉक्टरांनी सांगितलंय. मग कर की हवे तेवढे कार्यक्रम. तोपर्यंत हे असं कायमचं कशाला ठेवायचं लोकांकडे?"

सरोजिनी त्याच्याकडे बघत राहिली. मालिश, मलम, पट्टी, भुवईच्या नोंदी. दोन वर्षं तिला वाटत होतं, की हा माणूस आपली सेवा करतो आहे. तो एका दुसऱ्याच बाईची वाट बघत होता, डिसेंबरातल्या त्या सकाळच्या आधीच्या, आणि ती परत येईपर्यंत हिला झाकून ठेवत होता. एवढं एकटं तिला आजारपणातसुद्धा वाटलं नव्हतं. तेव्हा तो बरोबर आहे असं ती धरून चालली होती.

"मी अशीच राहणार आहे," ती म्हणाली. "मला हे शेवटपर्यंत बघायचं आहे. तुम्हाला बघायचं नसेल तर तुम्ही आत जा."

टीव्हीवर तिने रत्नागिरीच्या मैत्रिणीला काहीतरी खोचक लिहिलं, आणि मागे नम्रता हसल्याचं ऐकू आलं. श्रीनिवासने काठी ओढून घेतली, गुडघा सांभाळत उठला, पडद्यासमोरून जाताना मान खाली घातली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. तो जाणार नाही, असं तिला अगदी दार लागेपर्यंत वाटत होतं.